वरचा प्रिंटर, खालचा लॅपटॉप: इंटरनेट दोन्हीकडं चालतंय, प्रिंट मात्र जात नाही

कुंभारगल्लीकर
सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहतो. घरीच कोर्टाच्या कागदांचं टायपिंग करतो. प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्रं, कैफियती, वाटणीपत्रांचे मसुदे. तीस वर्षं हेच काम, आधी टाइपरायटरवर आणि आता कॉम्प्युटरवर. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून काम बरंच वाढलंय. आधी मुंबईला जाणारी कागदं आता भाऊसिंगजी रोडवर जातात, आणि दुरुस्ती आली की ती त्याच दिवशी लागते.

अडचण अशी. २०१९ ला आमच्यात पाणी आलं, २०२१ ला परत आलं. त्या जुलैत खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. एक प्रिंटर आणि एक यूपीएस त्यातच गेला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. आम्ही ३९ लाच सामान उचलायला लागतो. पण रात्रीत पाणी चढलं तर काय काय उचलणार? म्हणून तेव्हापासून डेस्कटॉप आणि लेसर प्रिंटर कायमचे वरच्या मजल्यावर. लोक मात्र खालीच बसतात, कारण येणारे बहुतेक वयस्कर, त्यांना जिना झेपत नाही. खाली लॅपटॉपवर मी त्यांच्यासमोर मजकूर करतो आणि प्रिंट वरून घेतो.

जूनमध्ये लेकीनं हे सगळं वायफायवरून जोडून दिलं होतं. खालून प्रिंट दिली की वर कागद निघायचा, सौ. हाक मारून आणून द्यायची. दिवाळीत फायबरचं नवीन कनेक्शन घेतलं, लेक पुण्याला नोकरीला गेली, जाताना तिचा लॅपटॉप घेऊन गेली, मी नवीन घेतला. तेव्हापासून बंद आहे. आता पेन ड्राइव्ह घेऊन १९ पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. गुडघा दुखतो ते असू दे. परवा एक आजी वाटणीपत्रासाठी आल्या होत्या. नावात एक वेलांटी चुकली, मग गट नंबर चुकला, मी तीनदा वर-खाली केलं. त्या सारख्या हात जोडून “माझ्यामुळं तुमाला त्रास” म्हणत होत्या. चूक माझ्या टायपिंगची होती आणि माफी त्या मागत होत्या. ते मनाला फार लागलं.

वरचा डेस्कटॉप विंडोज १० होम, प्रिंटर त्याला यूएसबीनं. खालचा लॅपटॉप विंडोज ११ होम. इंटरनेट दोन्हीकडं जोरात. लॅपटॉपवर ‘नेटवर्क’मध्ये वरचा कॉम्प्युटर दिसतच नाही. दुकानातून एकजण येऊन बघून गेला, दोन्ही फॉरमॅट मारायला लागतील म्हणाला. वरच्यात माझी दहा वर्षांची कागदं आहेत. खरंच फॉरमॅटशिवाय उपाय नाही का?

सहावी_गल्ली
सोमवार, रात्री १०:२०

काका, फॉरमॅटचा नादच करू नका.

दोन्ही मशीनवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का बघा. नवीन मोडेम आला की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं आणि ते ‘पब्लिक’ धरतं, म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय असल्यासारखं. मग शेअरिंग सगळं बंद. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं तुमचं कनेक्शन, आणि त्यात प्रायव्हेट निवडा. मग ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. कुणी ‘होमग्रुप’ करा म्हणालं तर ऐकू नका, ते २०१८ मध्येच विंडोज १० मधून काढून टाकलंय.

एवढं करून नाही झालं तर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करा आणि विंडोज फीचर्समधून एसएमबी १ ही शेअरिंगची पद्धत चालू करा. आमच्या दुकानात मी तसंच केलंय, पळतंय.

लोकलपोर्ट
सोमवार, रात्री १०:४५

प्रायव्हेटचं बरोबर आहे, ते आधी करा. शेवटची दोन मात्र अजिबात करू नका, का ते नंतर सांगतो.

मी उद्यमनगरात कारखान्यांच्या ऑफिसात नेटवर्कचं काम करतो. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. नवीन फायबरचा मोडेम बसवला म्हणता, मग जुन्या राउटरचं काय केलं? तो काढला की वर अजून चालू आहे?

दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग टाइप करा, आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ व ‘डिफॉल्ट गेटवे’ समोरचे आकडे इथं द्या. हे घरातले पत्ते आहेत, बाहेर कुणाला उपयोगाचे नाहीत, बिनधास्त द्या. मग दोन्हीकडून एकमेकांना पिंग करा, म्हणजे एका मशीननं दुसऱ्याला हाक मारायची, आणि काय उत्तर येतं ते लिहा. तोपर्यंत दुसरं काही बदलू नका. एकावेळी एकच गोष्ट.

कुंभारगल्लीकर
मंगळवार, सकाळी ७:३०

उत्तरांबद्दल मनापासून आभार. प्रायव्हेट दोन्हीकडं केलं. खालचा लॅपटॉप खरंच पब्लिकवर होता. तरी कॉम्प्युटर दिसत नाही.

आकडे असे. खाली लॅपटॉप १९२.१६८.१.५, गेटवे १९२.१६८.१.१. वर डेस्कटॉप १९२.१६८.०.१०२, गेटवे १९२.१६८.०.१.

वरून खालच्या लॅपटॉपला पिंग केलं तर चारही उत्तरं आली. खालून वरच्याला केलं तर चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. एका बाजूनं ऐकू जातं आणि दुसऱ्या बाजूनं नाही, हे कसं?

राउटरचं तुम्ही बरोबर ओळखलंत. फायबरची वायर पुढच्या भिंतीतून आली म्हणून मोडेम खालच्या खोलीत उंच फळीवर बसवला. वर स्लॅबमुळं रेंज येत नव्हती. बसवणाऱ्या मुलानं आमचा जुना राउटर वर ठेवला आणि खालच्या मोडेममधून जिन्यातून वायर नेऊन त्याच्या निळ्या भोकात घातली.

घाटगे_कॉलनी
मंगळवार, सकाळी ९:१०

एवढ्या भानगडीपेक्षा लांब यूएसबी वायर आणून प्रिंटर सरळ खालच्या लॅपटॉपला जोडा की.

लोकलपोर्ट
मंगळवार, दुपारी १:४०

साध्या यूएसबी वायरची मर्यादा ५ मीटर. जिन्यातून वळवून नेली तर किती भरेल ते काका मोजून सांगतील, पण ५ मध्ये बसणार नाही. नेटवर्कची वायर १०० मीटरपर्यंत चालते, म्हणून काम तिच्यावरूनच करायचं. तीही तुमच्या जिन्यात आधीच टाकलेली आहे.

काका, दुखणं सापडलं. लॅपटॉपच्या पत्त्यात तिसरा आकडा १ आहे आणि डेस्कटॉपच्या पत्त्यात ०. म्हणजे घर एक असलं तरी नेटवर्क दोन झालीत.

जुना राउटर निळ्या भोकातून, म्हणजे ‘वॅन’ पोर्टमधून जोडला की तो स्वतःचा वेगळा वाडा बांधतो. वाड्याला एकच दिंडी दरवाजा. आतला माणूस दरवाज्यातून बाहेर जातो, काम करतो, परत येतो. म्हणून वर इंटरनेट चालतं आणि वरून खाली पिंगही जातं. पण बाहेरचा माणूस येऊन “आत १०२ नंबरचे पाहुणे राहतात का” असं विचारायला लागला तर त्याला वाटच मिळत नाही. तुमच्या लॅपटॉपनं हाक मारली तेव्हा मोडेमला तो पत्ता घरातला वाटलाच नाही. त्यानं ती हाक बाहेर इंटरनेटच्या दिशेनं सोडून दिली. सेटिंगमध्ये कितीही टिका मारल्या तरी हे सुटणार नाही, आणि फॉरमॅट मारूनही सुटलं नसतं.

खात्री करायची असेल तर लॅपटॉप वर घेऊन जा, जुन्या राउटरच्या वायफायला जोडा आणि ‘नेटवर्क’ उघडा. डेस्कटॉपचं नाव दिसलं पाहिजे.

दिसलं तर दुरुस्ती अशी. जुन्या राउटरला राउटरचं काम सोडायला लावायचं आणि नुसता फाटा करायचा. नवीन राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असतो, तो निवडला की झालं. तुमच्यात नसेल तर हातानं करायचं, आणि क्रम चुकवायचा नाही. आधी निळ्या भोकातली वायर काढा. डेस्कटॉप राउटरच्या पिवळ्या भोकात वायरनं जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, लॉगिन करा. ‘लॅन’ मध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. तो परत चालू होईल. आता नवीन पत्त्यावर लॉगिन करून ‘डीएचसीपी सर्व्हर’ बंद करा. पत्ते वाटायचं काम एकट्या खालच्या मोडेमचं, दोघं वाटायला लागले की गोंधळ. शेवटी खालून आलेली वायर राउटरच्या पिवळ्या भोकात घाला. निळं भोक रिकामंच ठेवा. मग दोन्ही मशीन बंद करून चालू करा.

वायर आधी का काढायची, तर ती जोडलेली असताना पत्ता बदलला की दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क दिसतं आणि बरेच राउटर आपल्या मनानं तिसराच पत्ता घेऊन बसतात. मग तो कुठं गेला ते शोधत बसायचं.

आणि बदल झाल्यावर डेस्कटॉपलाही हे नेटवर्क नवीन वाटेल, तो परत पब्लिकवर जाईल. तेवढं परत प्रायव्हेट करा.

कुंभारगल्लीकर
मंगळवार, रात्री ११:०५

जिन्यातून वायर मोजली, ११ मीटर भरते.

लॅपटॉप वर नेला, वरच्या वायफायला जोडला आणि डेस्कटॉपचं नाव दिसलं! महिन्याभरानं दिसलं. सौ.ला हाक मारून दाखवलं.

मग जेवण करून राउटरचं काम तुम्ही सांगितलं त्याच क्रमानं केलं. एकेक ओळ कागदावर उतरवून घेतली होती, झाली की खूण करत गेलो. ॲक्सेस पॉइंटचा पर्याय आमच्या राउटरला नाही, हातानंच केलं. डेस्कटॉपचा पत्ता आता १९२.१६८.१.७ आलाय. तो खरंच पब्लिकवर गेला होता, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तिथंच अडकलो असतो. आता खालून वर पिंग जातं.

पुढची अडचण. खालच्या लॅपटॉपवर डेस्कटॉपच्या नावावर क्लिक केलं की यूजरनेम आणि पासवर्ड मागतो. डेस्कटॉपला मी पासवर्डच ठेवलेला नाही, चालू केला की सरळ उघडतो. रिकामं ठेवून ओके केलं तर घेत नाही. लॅपटॉपचा चार आकडी पिन घातला तर तोही घेत नाही. लेकीला विचारलं तर म्हणाली, “बाबा, माझं खातं होतं ना डेस्कटॉपवर, त्याचाच पासवर्ड मी टाकला होता.” ते खातं मी दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकलं, तिच्या फोटोंनी जागा अडली होती म्हणून. फोटो आधी तिला पाठवले होते.

सहावी_गल्ली
मंगळवार, रात्री ११:२०

म्हणूनच म्हणालो, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा. एका मिनिटाचं काम.

डीटीपी_ताई
बुधवार, सकाळी ८:१५

दादा, तुमच्या दुकानात चालत असेल, काकांकडं नको. त्यांच्या डेस्कटॉपवर लोकांची प्रतिज्ञापत्रं आहेत, आधारच्या प्रती आहेत, जमिनीचे कागद आहेत. फोल्डर चुकून शेअर असला आणि पासवर्ड नसला, तर वायफायचा पासवर्ड माहीत असलेला कुणीही ते उघडू शकतो. शेजारच्या पोरांना आपण वायफाय देतोच की.

मी महाद्वार रोडजवळ डीटीपी करते. पत्रिका, अहवाल, मंडळांची पावती पुस्तकं. तीन मशीन, एक प्रिंटर. हाच त्रास मला झालेला. विंडोजचा नियम आहे की ज्या खात्याला पासवर्ड नाही, ते खातं फक्त त्या मशीनसमोर बसूनच वापरता येतं, नेटवर्कवरून नाही. म्हणून काकांचं रिकामं खातं चालत नाही. आणि पिन हा ज्या मशीनवर केला त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवर खरा पासवर्डच लागतो.

काका, डेस्कटॉपवर छपाईपुरतं एक वेगळं साधं खातं करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, त्यात ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’. तिथं दुसऱ्या माणसाला जोडताना ईमेल मागेल, तेव्हा माझ्याकडं माहिती नाही, मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय जोडा, असे पर्याय निवडत जायचं. नाव ‘छपाई’ ठेवा आणि पासवर्ड चांगला ठेवा. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करू नका. तुमचं रोजचं खातं आहे तसंच राहू दे, सकाळी कॉम्प्युटर नेहमीसारखाच सुरू करायचा.

मग खालच्या लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ मध्ये नवीन जोडा. पहिल्या ओळीत डेस्कटॉपचं नाव. दुसऱ्या ओळीत डेस्कटॉपचं नाव, उलटी तिरकी रेघ, छपाई. तिसऱ्यात पासवर्ड. एकदा भरलं की परत विचारत नाही.

लोकलपोर्ट
बुधवार, सकाळी १०:००

ताईंनी अचूक सांगितलं, तसंच करा.

एसएमबी १ चं राहिलं होतं. ती फाइल आणि प्रिंटर शेअर करायची फार जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर तिच्यातल्याच भोकातून पसरला. लोकांच्या फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवायला पैसे मागायचा. त्याच वर्षापासून नवीन विंडोज १० मध्ये ती पद्धत आपोआप बसवणं बंद झालं. तुमच्या दोन्ही मशीनला तिची गरज नाही. दहा वर्षांची कोर्टाची कागदं असलेल्या कॉम्प्युटरवर ते दार उघडायचं नाही. सहावी गल्ली, तुम्हीही दुकानातलं बंद करून बघा, बहुतेक काहीच अडणार नाही.

सहावी_गल्ली
बुधवार, दुपारी १२:३०

बंद केलं. दोन्ही मशीनवरून प्रिंट येतेय. मला वाटत होतं त्याच्यामुळंच चालतंय. ताई, पासवर्डचंही रविवारी दुकान बंद असताना करतो.

कुंभारगल्लीकर
बुधवार, रात्री ८:४०

ताई, खातं केलं, क्रेडेन्शियल भरलं, आत गेलो. डेस्कटॉपच्या नावाखाली प्रिंटर दिसतो. त्यावर डबल क्लिक केलं, ‘कनेक्टिंग’ आलं, आणि मग ‘विंडोज कॅनॉट कनेक्ट टू द प्रिंटर’. खाली आकडा आहे: ०एक्स०००००११बी.

उद्या सकाळी साडेदहाला एका वकीलसाहेबांची १४ पानी प्रतिज्ञापत्राची दुरुस्ती द्यायची आहे. पेन ड्राइव्हनं होईलच, तेवढी काळजी नाही. पण इथवर आलोय, दमानं पुढं जायची इच्छा आहे.

लोकलपोर्ट
बुधवार, रात्री ९:१५

हा आकडा ओळखीचा आहे. डेस्कटॉपचे अपडेट बंद आहेत का?

२०२१ साली विंडोजच्या ‘प्रिंट स्पूलर’ मध्ये, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या सेवेत, गंभीर त्रुटी सापडल्या. ‘प्रिंटनाइटमेअर’ नावानं त्या गाजल्या. त्याच काळात नेटवर्कवरच्या छपाईचे नियम कडक होत गेले, आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून दोन मशीनमधलं प्रिंटरचं बोलणं जास्त सुरक्षित पद्धतीनंच व्हायला पाहिजे अशी सक्ती आली. एक मशीन नव्या पद्धतीनं बोलतं आणि दुसरं जुन्यावरच अडलेलं असलं की हा आकडा येतो.

शोधलंत तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, एक ओळ घालून ती सक्तीच काढून टाकायचा उपाय जागोजागी सापडेल. चालतो, पण मी तो करत नाही. ज्या कारणासाठी कुलूप लावलं तेच काढून ठेवायचं.

उद्याच्या कामासाठी हे करा. प्रिंटर कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर बसवून घ्या. मग सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, ‘ॲड डिव्हाइस’, थोडं थांबलं की ‘ॲड मॅन्युअली’ येतं. त्यात शेवटचा पर्याय घ्या, ‘लोकल प्रिंटर ऑर नेटवर्क प्रिंटर विथ मॅन्युअल सेटिंग्ज’. पुढं ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’, प्रकार ‘लोकल पोर्ट’. पोर्टचं नाव विचारेल तिथं दोन उलट्या तिरक्या रेघा, डेस्कटॉपचं नाव, एक उलटी तिरकी रेघ, प्रिंटरचं शेअरचं नाव. शेअरचं नाव छोटं आणि एकाच शब्दाचं ठेवा, ‘लेसर’ वगैरे. मग यादीतून ड्रायव्हर निवडा. यात लॅपटॉपला प्रिंटर स्वतःचाच वाटतो, ड्रायव्हरही स्वतःचाच, फक्त तयार झालेली प्रिंट नेटवर्कवरून वर जाते. ज्या बोलण्यात अडचण येते ते बोलणंच टळतं.

आणि सवडीनं डेस्कटॉपचे सगळे अपडेट घ्या. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. पण त्या तारखेपर्यंतचे सगळे मिळतात, ते बसवून घ्या. पुढं वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, घरगुती मशीनला सुरक्षेचे जादा अपडेट घ्यायची सोय आहे, अपडेटच्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो. त्यानंतर मात्र मशीनचा विचार करायला लागेल.

कुंभारगल्लीकर
गुरुवार, रात्री ७:२०

झालं!

काल रात्री साडेअकराला पहिलं पान निघालं. खाली बसून ‘प्रिंट’ दाबलं आणि वरून मशीनचा घर्र आवाज आला. सौ. झोपली होती, तिला उठवलं नाही, स्वतःच वर गेलो. नुसतं चाचणी पान होतं, पण ते मी जपून ठेवलंय.

सकाळी त्या वकीलसाहेबांचं काम करताना एक घोळ झाला, तो इतर टायपिंगवाल्यांसाठी लिहितो. आमची बरीच कागदं लीगल कागदावर असतात, म्हणजे १४ इंच लांब. प्रिंट ए४ च्या मापानं आली आणि खालच्या चार ओळी, सत्यापनाच्याच, कापल्या गेल्या. वरच्या डेस्कटॉपवर लीगल लावलेलं होतं म्हणून मी निर्धास्त होतो. लेकीनं फोनवर सांगितलं की लॅपटॉपवरचा प्रिंटर आता स्वतःच्याच सेटिंगनं चालतो, ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ मध्ये तिथं वेगळं लीगल लावायला पाहिजे. लावलं, मग नीट आली. साडेदहाच्या आत कागद पोचले.

दुसरं, दुपारी जेवून आलो तर प्रिंट जाईना. वर जाऊन बघतो तर डेस्कटॉप झोपलेला. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ समोर ‘नेव्हर’ केलं. स्क्रीन बंद होऊ दे, मशीन जागं पाहिजे.

अपडेट मागं एका माणसानं कायमचेच बंद करून ठेवले होते, आत्ता कळलं. रविवारी चालू करून रात्रभर लावतो. आधी सगळी कागदं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो.

एक विचारायचं होतं. लाइट गेली आणि परत आली की डेस्कटॉपचा पत्ता बदलतो का? आमच्याकडं पावसाळ्यात लाइट फार जाते.

लोकलपोर्ट
गुरुवार, रात्री ८:०५

छान केलंत काका. पत्ता बदलू शकतो, पण तुम्ही पोर्टमध्ये आकड्यांऐवजी कॉम्प्युटरचं नाव घातलंय, त्यामुळं सहसा फरक पडत नाही. तरी खालच्या मोडेममध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असेल तर डेस्कटॉपला १९२.१६८.१.७ हाच पत्ता बांधून टाका. आणि वरच्या राउटरची पिन, म्हणजे प्लग, यूपीएसवर घ्या. डेस्कटॉप यूपीएसवर चालू राहील, पण राउटर बंद पडला की प्रिंट वाटेतच अडेल. खालचा मोडेमही जमल्यास घ्या. लेसर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका. तापताना तो एकदम फार वीज ओढतो, छोटा यूपीएस ट्रिप होतो.

डीटीपी_ताई
गुरुवार, रात्री ८:३०

काका, अजून एक. डेस्कटॉपवर जुन्या मराठी फॉन्टात केलेल्या फायली असतील तर त्या लॅपटॉपवर उघडून प्रिंट देऊ नका. तो फॉन्ट लॅपटॉपवर नसला तर अक्षरं विचित्र येतील, प्रिंटर कितीही नीट जोडलेला असला तरी. त्या फायली वरूनच पीडीएफ करून घ्या, फॉन्ट आतच बसतो. नवीन सगळं युनिकोडमध्येच करा.

कुंभारगल्लीकर
गुरुवार, रात्री ९:४५

ताई, तसल्या चारेकशे फायली निघतील, दाव्यांचे नमुने सगळे त्यातच आहेत. रोज दहा-दहा करतो. राउटरची पिन आत्ताच यूपीएसवर घेतली, प्रिंटरची भिंतीवर.

त्या आजी उद्या सकाळी वाटणीपत्र न्यायला येणार आहेत. वाचून दाखवताना काही चुकलं तर त्यांच्यासमोरच दुरुस्त करून वर सोडतो.